पंख गळाल्यानंतर

मुंगीला पंख फुटले, असं मराठीत म्हणतात. उर्दूतही तेच: च्यूंटी के पर निकल आए. दोन्हीकडे अर्थ एकच. क्षुद्र जीव माजला, आता याचं मरण जवळ आलं. आमच्या समाजात हा वाक्प्रचार मुलींच्या वाट्याला जरा जास्तच येतो. मी बी.एड.ला नाव घातलं तेव्हा एका नातलग बाईंनी अम्मीला तो ऐकवला होता. अम्मी काही बोलली नाही. चहाचे रिकामे कप उचलून आत गेली.

आज मी नालासोपाऱ्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि 2023 पासून घरी मुंग्या पाळते. पाळते म्हणजे साखरेच्या डब्याला लागलेल्या नव्हेत. एका राणीपासून सुरू झालेलं, दाणे साठवणाऱ्या मुंग्यांचं एक अख्खं कुटुंब माझ्या कपाटात नांदतं आहे. त्यांच्याकडे बघता बघता तो वाक्प्रचार मला पुन्हा पुन्हा आठवत राहिला, कारण तो अर्धाच खरा आहे. नराच्या बाबतीत खरा. पंखवाला नर एकदा उडतो, त्याचं मीलन होतं आणि थोड्याच वेळात तो मरतो. राणीचं तसं नाही. तिचा संसार पंख गळाल्यावर सुरू होतो.

जूनमध्ये पहिला दमदार पाऊस पडून गेला की आमच्या वसई-विरार पट्ट्यात ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या किड्यांची गर्दी होते. त्यात वाळवी पुष्कळ असते, पण मुंग्याही असतात. ओळखायला सोपं आहे. वाळवीचे चारही पंख सारखे आणि कंबर जाड. मुंगीचे पुढचे पंख मोठे, कंबर बारीक, आणि मिशा कोपरात दुमडल्यासारख्या. त्या वर्षी असाच पाऊस होऊन गेल्यावर सकाळी शाळेच्या कुंपणालगत तांदळाच्या दाण्याएवढी एक मुंगी लगबगीने चालताना दिसली. तिला पंख नव्हते. भिंगातून पाहिलं तर जिथून पंख गळाले त्या खुणा छातीवर स्पष्ट होत्या. राणी आपले पंख स्वतःच पाडते, पायांनी ओढून, कशाला तरी घासून. म्हणजे हिचं मीलन उरकलं होतं आणि ती आता जागा शोधत होती. खडूच्या रिकाम्या डबीत घालून मी तिला घरी आणलं.

नव्या राणीला लागतं ते फारच थोडं. एक परीक्षानळी घ्यायची. तिच्यात तिसरा हिस्सा पाणी भरायचं, त्यावर कापसाचा बोळा घट्ट दाबायचा, म्हणजे ओल येते पण पाणी सांडत नाही. मग राणीला आत सोडून तोंडाशी दुसरा बोळा लावायचा, आणि नळी अंधारात ठेवून द्यायची. रानात ती जमिनीत एवढीशी खोली खणून आतून दार बंद करून घेते. नळी म्हणजे तीच खोली, फक्त काचेची. मी ती कपाटात, दुपट्ट्यांच्या मागे ठेवली.

अम्मीला हे प्रकरण पसंत नव्हतं. मुंग्यांचं तिला वावडं नव्हतं. मुंगीला विनाकारण मारू नये अशी हदीस आहे, हे तिनेच आम्हाला लहानपणी शिकवलं. तिची तक्रार वेगळी होती. चौथ्या दिवशी तिने विचारलं, ‘तिला काही खायला दिलंस का?’ मी म्हटलं, ‘नाही, द्यायचं नसतं.’ आठव्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. पंधराव्या दिवशी ती वैतागून म्हणाली, ‘उपाशी बाईवर नजर ठेवून बसली आहेस आणि देत काहीच नाहीस!’

मग मी तिला बसवून सांगितलं. आकाशात उडायला राणीच्या छातीत मोठे स्नायू असतात. पंख गळाल्यावर ते स्नायू निरुपयोगी होतात. पण फुकट जात नाहीत. शरीर ते हळूहळू विरघळवतं आणि त्यातून पहिल्या पिल्लांचं अन्न तयार होतं. शार्ल जाने या फ्रेंच अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिलं. राणी दार लावून बसते, अंडी घालते, अळ्या भरवते, आणि या सगळ्या काळात बाहेरून एक कणही आत येत नाही. ज्या ताकदीवर ती उडाली, तीच ताकद ती मुलींना खाऊ घालते.

अम्मी ऐकत होती. म्हणाली, ‘हे सांगायला फ्रान्सचा माणूस कशाला लागतो?’

साधारण महिनाभराने नळीत पहिल्या कामकरी मुंग्या दिसल्या. सहा होत्या. इतक्या लहान की पहिल्यांदा मला धूळच वाटली. रंग फिका, चाल घाबरट. ही पहिली खेप नेहमी अशीच असते, पुढच्या खेपांपेक्षा बरीच खुजी. इंग्रजी पुस्तकांत यांना ‘नॅनिटिक’ म्हणतात, म्हणजे बुटक्या. यात कुठलं व्यंग नाही, हिशेब आहे. आईच्या अंगात साठा मोजका. त्यात दोन धष्टपुष्ट मुली वाढवण्यापेक्षा सहा लहान मुली वाढवणं कुटुंबाच्या फायद्याचं. आणि या खुज्या मुलीच बंद खोलीचं दार उघडतात. पहिला दाणा त्या आणतात, आईला पहिला घास त्या भरवतात, पुढच्या बहिणींना त्या वाढवतात. त्या बहिणी मात्र चांगल्या भरलेल्या निपजतात, कारण आता घरात धान्य आलेलं असतं.

मी कापसाचा बोळा सैल केला, साखरपाण्याचा एक थेंब आणि एक मेलेला डास ठेवला. अम्मी चष्मा लावून बघत होती. तिने फक्त माझ्या मोठ्या बहिणीचं नाव घेतलं.

इथे मला आमच्या घराबद्दल सांगायला हवं. 1993 मध्ये, दंगलीनंतर, अब्बांनी मुंबईतली खोली सोडली आणि आम्हाला घेऊन ते नालासोपाऱ्याला आले. त्या काळात कितीतरी मुस्लीम कुटुंबं अशीच मुंब्र्याला, मीरा रोडला, इकडे आमच्या बाजूला आली. बाजी तेव्हा नऊ वर्षांची, मी तीन, भाऊ कडेवर. चाळीतल्या खोलीच्या डिपॉझिटमध्ये अम्मीच्या सोन्याच्या बांगड्या गेल्या, त्या पुन्हा हातात आल्या नाहीत. नळाला पाणी नव्हतं, टँकरची रांग होती. अम्मी घरी गाऊनचे धागे कापायची, डझनावर पैसे मिळत. बाजी सातवी झाली आणि शाळेतून थांबली. आमच्या घरात हाच शब्द वापरतात. तिला कुणी काढलं नाही, ती ‘थांबली’. पाण्याची रांग तिची, धाग्यांचा अर्धा गठ्ठा तिचा, आम्हा दोघांना शाळेत पोहोचवणं तिचं. भाऊ आज नोकरीला आहे. मी बी.एड. झाले. आमच्या दोघांच्या अंगाला जे बाळसं आलं ते बाजीच्या सातवीवर.

आमच्या वस्तीत अशी एक बाजी बहुतेक घरांत सापडेल. घर उभं कुणी केलं असं विचारलं तर लोक अब्बांचं नाव घेतात, फार तर अम्मीचं. दार आतून कुणी उघडलं, हे कुणी विचारत नाही.

सप्टेंबरपर्यंत मुंग्यांची संख्या पन्नासच्या पुढे गेली आणि त्यांच्यात काही वेगळ्याच दिसू लागल्या, अंगाच्या मानाने डोकं भलंमोठं. त्यांच्या जबड्याची ताकद दाणे फोडायला उपयोगी पडते. दोन गाठींची कंबर आणि ही मोठी डोकी पाहून ‘फायडोली’ या गटातल्या मुंग्या असल्याचं ओळखता आलं. मग मी त्यांच्यासाठी प्लास्टर ऑफ पॅरिसची एक वडी ओतली, तिच्यात खोल्या कोरल्या, वर काच ठेवली आणि काचेवर लाल कागद. लाल उजेड मुंग्यांना जवळजवळ दिसतच नाही, त्यांना अंधारच वाटतो. वडीला जोडून मिठाईचा एक प्लास्टिकचा डबा, हे त्यांचं अंगण. डब्याच्या कडेला आतून टाल्कम पावडर लावली की त्या घसरतात, बाहेर पडत नाहीत. वडीचा एक कोपरा ओला ठेवायचा, दुसरा कोरडा. अळ्या त्या ओल्या बाजूला ठेवतात आणि धान्य कोरड्या खोलीत. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

धान्य म्हणजे नाचणी, राळं, मैदानातल्या गवताचं बी, आणि अम्मीची नजर चुकवून घेतलेली चिमूटभर खसखस. दाणा आत नेला की त्याचं टरफल काढून ते अंगणाच्या एका ठरावीक कोपऱ्यात टाकतात. मेलेल्या मुंग्याही तिथेच. पावसाळ्यात दाण्यांना ओल लागली तर त्या तो सगळा साठा उचलून बाहेर वाळत घालतात. पाऊस उघडल्यावर आमच्या इमारतीच्या गच्चीवर पापड आणि गोधड्या येतात, तसंच.

या वाळवणाची एक महत्त्वाची शास्त्रीय नोंद आपल्याच महाराष्ट्रातली आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मुंग्या धान्य साठवतात असं प्राचीन काळापासून लोक सांगत आले होते, पैगंबर सुलेमान यांच्या नावाने चालत आलेल्या सुभाषितांतही ते आहे. पण युरोपातल्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी ते खोडून काढलं. त्यांच्या थंड मुलखातल्या मुंग्या धान्य साठवत नव्हत्या. त्यामुळे जुन्या लोकांनी मुंग्यांचे कोष पाहिले आणि त्यांना दाणे समजले, असा त्यांनी निकाल दिला. 1829 मध्ये विल्यम हेन्री सायक्स हा लष्करी अधिकारी पुण्यात होता. मुंबई इलाख्याची आकडेवारी गोळा करणं हे त्याचं काम. पावसानंतर मुंग्यांच्या बिळांशी गवताच्या भिजलेल्या बियांचे ढीग वाळत पडलेले त्याने पाहिले. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा पाहिले. पुढे लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात त्याने ते लिहिलं आणि त्या मुंगीला नाव दिलं ‘प्रोव्हिडेन्स’, म्हणजे आधीच तजवीज करून ठेवणारी. आज ती ‘फायडोली’ गटातच मोडते, म्हणजे माझ्या कपाटातल्या मुंग्यांची नात्यातलीच. पुढे 1873 मध्ये जॉन मॉग्रिज या इंग्रज अभ्यासकाने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या निरीक्षणांतून हा वाद कायमचा मिटवला.

याच सायक्सने आणखी एक किस्सा नोंदवला आहे. गोड पदार्थांना मुंग्या लागू नयेत म्हणून त्याने टेबलाचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवले. तरी मुंग्या येतच राहिल्या. मग त्याला दिसलं, एक मुंगी भिंतीवर टेबलापेक्षा फूटभर उंच चढली आणि तिथून तिने खाली उडी टाकली. ईदच्या आदल्या रात्री शीरखुर्म्याचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवणाऱ्या आमच्या घराला हा किस्सा वाचून फार हसू आलं. दोनशे वर्षांत मुंगीही बदलली नाही आणि आपणही!

मुंग्यांवरून माणसांना धडे द्यायची आपल्याला सवय आहे. मेहनत करा, एकी ठेवा, बचत करा. मदरशातही, शाळेतही. पण कुरआनात ज्या सूरेला मुंगीचं नाव आहे, त्या सूरे नम्लमधली मुंगी काही दाणे वाहताना दिसत नाही. ती बोलते. सुलेमान यांचं सैन्य येताना पाहून ती बाकीच्या मुंग्यांना घरात शिरायला सांगते, आणि वर हेही म्हणते की ते तुम्हाला चिरडतील तर न कळत चिरडतील. सावधही करते आणि आरोपही करत नाही. ते ऐकून सुलेमान हसले आणि त्यांनी अल्लाहचे आभार मानले. इमाम अबू हनीफांबद्दल एक गोष्ट सांगतात. कूफ्यात आलेल्या कतादा या आलिमांना त्यांनी विचारलं, ती मुंगी नर होती की मादी? उत्तर आलं नाही तेव्हा ते म्हणाले, मादी, कारण तिथे क्रियापद स्त्रीलिंगी आहे. पुढच्या व्याकरणकारांनी यावर वाद घातला, कारण अरबीत तो शब्द रूपानेच स्त्रीलिंगी आहे. विज्ञानाची शिक्षिका म्हणून मी एवढंच सांगते: बिळाबाहेर दिसणारी प्रत्येक कामकरी मुंगी मादीच असते.

आणि त्यांची राणी हुकूम देत नाही. राणी हे नावच फसवं आहे. अमेरिकेत डेबोरा गॉर्डन या संशोधिका 1980 च्या दशकापासून अ‍ॅरिझोनाच्या सीमेलगतच्या वाळवंटी भागातल्या धान्य साठवणाऱ्या मुंग्यांच्या वसाहती वर्षानुवर्षं मोजत आल्या आहेत. त्यांचं सांगणं हेच, की तिथे कुणी कुणाला आज्ञा करत नाही. राणी अंधारात अंडी घालते. एकाच दिवशीच्या मीलनातून साठवलेल्या बीजावर ती वीस वर्षंसुद्धा घालू शकते. ती गेली की कुटुंब हळूहळू संपतं, तिच्या जागी दुसरी येत नाही. एवढं दीर्घ आयुष्य, आणि उजेड पाहिला तो एक दिवस.

माझ्या वर्गातल्या एका मुलाने विचारलं, ‘टीचर, राणी विकता येते का?’ त्याने कुठेतरी ऐकलं होतं की परदेशात मुंग्यांच्या राण्यांना मोठा भाव मिळतो. ते खरं आहे. 2025 च्या एप्रिलमध्ये केनियात दोन बेल्जियन तरुण पकडले गेले, त्यांच्याकडे सुमारे 5,000 राण्या सापडल्या. आफ्रिकेतल्या मोठ्या धान्य साठवणाऱ्या मुंग्यांच्या. कापूस घातलेल्या नळ्यांत, माझ्या नळीसारख्याच! मे महिन्यात कोर्टाने त्यांना दहा लाख केनियन शिलिंग दंड किंवा बारा महिने कैद अशी शिक्षा सुनावली. मी मुलांना हिशेब घालायला लावला. एक राणी म्हणजे एक मुंगी नव्हे, पुढच्या कित्येक वर्षांतल्या हजारो मुंग्या. त्या जमिनीत दाणे नेणार, माती भुसभुशीत करणार, काही दाणे विसरणार आणि तिथे गवत उगवणार. तेवढं सगळं एका नळीतून विमानात चढतं. म्हणून आमच्या वर्गाचे नियम साधे आहेत. बीळ खणायचं नाही. पावसानंतर स्वतःहून फिरताना दिसली तरच एखादी राणी घ्यायची, विकायची नाही, गावाबाहेर न्यायची नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. पहिल्या खेपेच्या मुंग्या खुज्या राहतात, त्याला इलाज नाही. आईच्या अंगात तेवढंच असतं. मुलांना हे शिकवताना मी वर्गातल्या मोठ्या मुलींकडे बघत असते. ज्यांच्या घरी धाकटी भावंडं आहेत, आईचं शिवणकाम आहे, पाण्याची वेळ दुपारची आहे. एखादी सलग चार दिवस आली नाही की मी संध्याकाळी तिच्या घरी जाते. आई चहा टाकते आणि सांगते, ‘टीचर, मोठी आहे ना, समजूतदार आहे.’ या शब्दाची मला धास्ती वाटते. समजूतदार म्हणजे थांबायला तयार असलेली. मी त्या माऊलीला मुंग्यांचं उदाहरण देत नाही. मुंगीला दुसरा मार्ग नसतो. आपल्याला असतो. थोडा असतो, पण असतो. शिष्यवृत्तीचा अर्ज असतो, पुस्तकं असतात, धाकट्याला सोबत घेऊन वर्गात बसायची परवानगी असते. कधी माझं ऐकलं जातं, कधी नाही. ऐकलं गेलं नाही तर पुढच्या आठवड्यात पुन्हा जाते.

बाजीने यंदा दहावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. वय बेचाळीस. फॉर्म भरायला मी सांगितलं नव्हतं, तिच्या मुलीने लावला. तिच्या सासरी कुणीतरी तोच जुना वाक्प्रचार काढला म्हणे, पंखांचा. बाजीने हसून सोडून दिलं. संध्याकाळी ती पुस्तकं घेऊन माझ्याकडे येते. विज्ञान तिला अवघड जातं, पण अभ्यासाला बसण्याआधी कपाट उघडून मुंग्या पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नाही. आता त्या किती आहेत ते मोजता येत नाही. दाण्यांची खोली भरलेली आहे, मोठ्या डोक्याच्या मुंग्या दारात उभ्या असतात, आणि राणी आत कुठेतरी.

परवा तिने विचारलं, ‘त्या पहिल्या सहा कुठल्या यातल्या?’

मी म्हटलं, ‘त्या आता नाहीत. कामकरी मुंगी काही महिनेच जगते.’

बाजी थोडा वेळ काचेकडे बघत राहिली. मग तिने चिमूटभर नाचणी अंगणात टाकली, हात झटकले आणि म्हणाली, ‘चल, धडा काढ.’